दाबल्याशिवाय निघत नाही

एनार सिगुर्डसननं आयुष्यात फक्त एका पत्राला उत्तर दिलं नव्हतं. एरवी पत्रांच्या बाबतीत माणूस भलता काटेकोर. केल्सो बेंडच्या शाळेत तेहतीस वर्षं ग्रंथपाल होता. बियाण्यांच्या दुकानाचं छापील पत्रक आलं तरी "यंदा बागेत काही लावायचा विचार नाही, आठवणीबद्दल आभार" असं दोन ओळींत कळवायचा. पण ऑक्टोबर १९८६ मध्ये आलेलं ते पत्र त्यानं उभ्या उभ्या वाचलं, पक्ष्यांवरच्या एका जाड पुस्तकात ठेवून दिलं, आणि अडतीस वर्षं तसंच राहू दिलं.

पत्र मर्व कॉल्टरचं होतं. लिहिलं होतं: "एनार, दगडाला कुंचा माझा लागला होता. वार्षिक जेवणाच्या दिवशी उभं राहून सगळ्यांसमोर सांगायची माझी तयारी आहे. सांगू की नको, एवढं दोन ओळींत कळव. तुझं उत्तर येईपर्यंत थांबतो. मर्व."

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत केल्सो बेंडच्या कर्लिंग क्लबानं जिल्ह्याची अंतिम लढत जिंकली होती. कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड वर्तुळाकडे घसरवायचा खेळ; पुढचा बर्फ कुंच्यानं घासला की दगड लांब जातो. शेवटचा दगड कप्तान बिल मॅकर्डीनं सोडला आणि त्याच्यापुढे बर्फ घासत दोघं पळत होते, एका बाजूला एनार, दुसऱ्या बाजूला मर्व. मध्येच दगड किंचित हलला. एवढासाच, पण पलीकडच्या संघाचा कप्तान ऑर्व्हिल पेनर वाकून तिकडेच बघत होता, त्याला तो दिसला. आता या खेळात पंचाची शिट्टी नसते. ज्याचा कुंचा दगडाला लागतो त्यानंच हात वर करायचा, दगड बाजूला काढायचा, हरायचं असेल तर हरायचं. मॅनिटोबा प्रांतातल्या कुठल्याही गावात हे पोराटोरांनाही सांगावं लागत नाही. पेनर म्हणाला, "कुणाचा तरी लागला." दोघांपैकी कुणीच हात वर केला नाही. दगड राहिला, सामना जिंकला. नंतर हस्तांदोलनाच्या वेळी पेनरनं तिघांशी हात मिळवला आणि एनारसमोर आल्यावर हात खिशात घातला.

एनारचे हात जन्मापासून जरासे कापतात. चहाचा कप बशीवर वाजतो. त्यामुळे गावाला वेगळं काही विचारायची गरजच पडली नाही. शिवाय सामन्यानंतर क्लबाच्या वरच्या दिवाणखान्यात बसल्यावर मर्व सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला होता, "जाऊ द्या रे, एनारचे हात कापतात हे तुम्हाला माहीत आहे ना. मुद्दाम नाही केलं त्यानं." सगळ्यांनी मर्वच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. एनार कोपऱ्यात बसून विचार करत राहिला, की लागला असेल का आपलाच? कुंचा बर्फाला लागतो तसाच दगडाला लागला तर कळतं का? आठ महिने त्याची खात्री नव्हती. मग पत्र आलं.

उत्तर का दिलं नाही, याचं कारण त्यानं स्वतःला वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळं सांगितलं. आधी राग. ज्याचा कुंचा लागतो तो तिथल्या तिथे बोलतो. आठ महिन्यांनी परवानगी कसली मागतो? मग अभिमान. आपण 'सांग' म्हणायचं म्हणजे आपल्या नावासाठी आपणच हात पसरायचा. पत्र घेऊन लोकांना दाखवत फिरायचं, हे तर त्याच्या स्वप्नातही आलं नाही. आणि मग एक गोष्ट त्याला कबूल करायला लाज वाटायची: मर्व तिकडे उत्तराची वाट पाहत तळमळत असेल, ही कल्पना त्याला गोड लागायची.

मर्व तळमळला वगैरे काही नाही. तो क्लबाचा अध्यक्ष झाला, बावीस वर्षं राहिला. एनारनं खेळ सोडला. कॉफीच्या दुकानात त्याच्या हातात कप दिसला की अजूनही कुणीतरी म्हणायचं, "कुंचा सांभाळ, एनार." आता तसं म्हणणाऱ्यांतले निम्मे लोक त्या सामन्यानंतर जन्मलेले होते.

या फेब्रुवारीत क्लबाला शंभर वर्षं होत होती. समारंभ रविवारी दुपारी होता. बर्फाच्या चार पट्ट्यांपैकी एकीला मर्वचं नाव द्यायचं ठरलं होतं. पण मर्व एक्क्याऐंशीचा, नाकाला प्राणवायूची नळी, आणि बाहेर उणे चौतीस. डॉक्टरांनी दाराबाहेर पाऊल टाकायला मनाई केली होती. तेव्हा मर्व घरूनच, संगणकाच्या कॅमेऱ्यातून, क्लबातल्या मोठ्या पडद्यावर बोलणार होता. पडद्यावर क्लबाची आजची अध्यक्ष ग्लेंडा पोपोविचनं एकदा तालीम घेतली, तर मर्वचा चेहरा तीनदा गोठला. म्हणून मर्वच्या बायकोनं, डोरीननं, एनारला फोन केला. शाळेतले संगणक एकमेकांना जोडायचं काम शेवटची पंधरा वर्षं त्याच्याच गळ्यात होतं, गावात अजून असल्या कामाला त्यालाच बोलावतात.

डोरीन म्हणाली की त्यांचा राउटर तळघरात आहे, बाहेरची लाइन तिथे येते म्हणून, आणि घराच्या जुन्या भिंतींत गिलाव्याखाली लोखंडी जाळी आहे, त्यामुळे वायफाय वर येईपर्यंत अर्धमेलं होतं. ग्लेंडानं सांगितलंय की तार ओढा. डोरीननं एक तार आणून स्वतःच खोचलीही होती, तर गेले दोन दिवस घरातलं इंटरनेटच बंद पडलं होतं.

"कुठे खोचलीस?" एनारनं विचारलं.

"निळ्यात. तिथे आधी एक होती, ती काढली. मला निळा बरा दिसला."

"निळा बाहेरच्या लाइनचा असतो, डोरीन. घरातलं सगळं पिवळ्यांत."

"मग तसं लिहायला यांचे हात मोडले होते का?" डोरीन म्हणाली, आणि बुधवारी दुपारी ये म्हणाली, केक करून ठेवते.

बुधवारी सकाळी एनार खाटेखालचं खोकं काढून बसला. शाळेनं टाकून दिलेल्या तारा त्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. या तारांच्या टोकाला पारदर्शक डोकं असतं आणि त्यावर नखाएवढी एक जीभ. खाचेत घातली की 'टक्' आवाज होतो, जीभ आत अडकते. मग ती बोटानं दाबल्याशिवाय तार निघत नाही. एका लांबलचक तारेची जीभ मोडलेली होती. ती तार त्यानं आपल्या संगणकाला लावून पाहिली. दिवा हिरवा लागला, सगळं नीट चालू झालं. मग त्यानं खुर्ची जराशी मागे सरकवली. तार अलगद निघून जमिनीवर पडली.

त्यानं ती उचलून गुंडाळायला घेतली. मर्वची खुर्ची चाकांची आहे, हे त्याला माहीत होतं. मर्व बोलताना मागेपुढे सरकतो, तेही माहीत होतं. रविवारी सगळा गाव जमला असताना, भाषण रंगात आलं असताना, टप्. पुन्हा लावतील, पुन्हा टप्. सूड म्हणावा तर किती किरकोळ, असं त्याला स्वतःलाच वाटलं. पण त्याला झेपेल एवढाच होता. त्यानं ती तार पिशवीत घातली. दोन चांगल्या ताराही घेतल्या, कुणी विचारलंच तर असाव्यात म्हणून, आणि त्या गाडीत ठेवल्या.

मर्व त्याला बघून खूश झाला. "आला, आपला ग्रंथपाल आला. बघ डोरीन, हा अजून टाय लावतो. तळघरात उतरायला टाय."

एनारनं पिशवी खांद्याला अडकवली. त्यानं तळघरात जाऊन पाहिलं. शीतपेटीवर राउटर, त्याच्या पाठीला एक निळी खाच, चार पिवळ्या. डोरीननं निळ्यात खोचलेली तार काढून त्यानं बाहेरची लाइन तिच्या जागी लावली. वर जायला जुन्या टेलिफोनचं भोक होतंच. मोडक्या जिभेची तार त्यातून ओढून भिंतीच्या कडेकडेनं मर्वच्या टेबलापर्यंत आणली, संगणकाच्या मागे खोचली. टक् आवाज झाला नाही. कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतंच.

डोरीन म्हणाली, माझ्या स्वयंपाकघरातल्या टीव्हीलाही लाव ना एक. समारंभ त्यावर दिसणार आहे आणि मला या म्हाताऱ्याच्या मागे उभं राहून त्याचं टक्कल बघायचं नाही. एनार गाडीतून एक चांगली तार घेऊन आला आणि टीव्हीला लावली. ती टक् वाजली.

तेवढ्यात मर्वच्या फोनवर मुलीचा चेहरा उगवला. कॅलगरीहून ती रोज याच वेळी फोन करते. वायफायवर ती बरी दिसत होती. बाबा, गाडीच्या किल्ल्या आईकडे दिल्या का, डॉक्टरांनी काय सांगितलंय, असं ती विचारू लागली. मर्वनं हू का चू केलं नाही. त्यानं तोंड अर्धवट उघडं ठेवलं, डोळे एका जागी रोखले, आणि दगडासारखा बसून राहिला. मुलगी "बाबा? बाबा, गोठलात तुम्ही" म्हणत राहिली. मग त्यानं हळूच बोट सरकवून फोन बंद केला.

"वायफाय," तो एनारकडे बघून म्हणाला आणि डोळा मिचकावला. "काय सोय आहे बघ. आपल्या वेळी खोटं बोलावं लागायचं."

एनारला हसू आलं नाही. तो गुडघ्यांवर बसून तार भिंतीला खिळवत होता. डोरीन केक कापायला आत गेली. ती गेल्यावर मर्व बोलला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता.

"तू कधी उत्तर दिलं नाहीस."

एनारच्या हातातली हातोडी थांबली. अडतीस वर्षांत हा विषय पहिल्यांदा निघत होता.

"नाही," तो म्हणाला.

"मी वाट पाहिली हं. त्या जेवणाला तर भाषण खिशात घेऊन गेलो होतो." मर्व खोकला, नळी सारखी केली. "मग म्हटलं, गडी काही बोलत नाही म्हणजे त्याला ते नकोच आहे. सोडून दिलं. बरं झालं ना? उगाच जुनं उकरून काय मिळालं असतं. तुझं तरी काय अडलं?"

एनारनं मागे वळून पाहिलं. मर्वच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं. तेच त्याला सहन झालं नाही. त्या माणसाला खरोखरच वाटत होतं की याचं काही अडलं नाही.

"रविवारी मी पण बोलणार आहे," एनार म्हणाला. "ग्लेंडानं सांगितलंय. त्या संघातले आपण दोघंच उरलो."

"मग बोल की. दोन शब्द चांगले बोल. तुला बोलायला लावायचं म्हणजे दात उपटण्यासारखं काम." मर्व हसला. "अवघड काही विचारू नकोस फक्त, नाहीतर मी गोठेन."

एनार उठला. गाडीत एक तार विसरलीय, म्हणाला. बाहेरच्या थंडीत गाडीपाशी तो जरुरीपेक्षा जास्त वेळ उभा राहिला. मोडक्या जिभेची तार म्हणजे या माणसाला आपल्या हातानं पळवाट देण्यासारखं होतं. पडदा काळा झाला असता, लोक चुकचुकले असते, बिचारा मर्व, ही यंत्रं मेली. आपण इतकी वर्षं सूड घ्यायचा म्हणून जे जे मनात आणलं, ते सगळं असंच त्याच्या पथ्यावर पडणारं होतं का? पत्राला उत्तर न देणंसुद्धा?

आत येऊन त्यानं मोडकी तार भिंतीवरून उपसली. सगळे खिळे काढले, पुन्हा मारले. मर्वनं कुरकुर केली की चालत होती की ती. एनार म्हणाला, ती जुनी होती, ही पक्की. संगणकात शिरून त्यानं वायफाय पूर्ण बंद केलं, म्हणजे संगणक तारेवाचून दुसरीकडे जाणार नाही. मग मर्वला जवळ बोलावून तारेचं डोकं दाखवलं.

"ही जीभ बघ. आत गेली की अडकते. खुर्ची ओढलीस, तारेत पाय अडकला, तरी निघायची नाही. दाबल्याशिवाय निघत नाही."

"म्हणजे मी आता गोठणार नाही?"

"नाही," एनार म्हणाला, आणि तार खाचेत घातली. टक्.

रविवारी दुपारी क्लबाबाहेर गाड्या ओळीनं उभ्या होत्या. इंजिन गोठू नये म्हणून प्रत्येकीच्या नाकातून एक विजेची तार निघून खांबाला जोडलेली. आत वरच्या दिवाणखान्यात दीडशे माणसं. काचेखाली चार पांढऱ्या पट्ट्या, त्यातल्या तिसरीवर निळ्या अक्षरांत मर्वचं नाव. पुढच्या रांगेत शेजारच्या गावचा ऑर्व्हिल पेनर काठीवर हात ठेवून बसला होता, अठ्ठ्याऐंशीचा. एनारनं टायची गाठ इतक्यांदा सारखी केली होती की ती आता कानाखाली गेली होती.

पडद्यावर मर्व आला. चेहरा इतका स्वच्छ की दाढी करताना राहिलेले दोन केसही दिसावेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ग्लेंडा म्हणाली, "आज एकदम छान दिसताय, मर्व. अजिबात अडकत नाही आहात."

"अडकणार कसा? एनारनं तार ओढून दिलीय," मर्व म्हणाला. "घोड्यानं ओढली तरी निघायची नाही. जीभ असते तिला, ती दाबल्याशिवाय निघत नाही. विचारा त्याला. शाबास, एनार, कुंचा सोडून तार धरलीस ते बरं केलंस."

लोक हसले. एनारही हसल्यासारखं करून खाली बघत राहिला. मर्व पंधरा मिनिटं बोलला, जुन्या सामन्यांचे किस्से, जुन्या माणसांच्या नकला, आणि बोलला तो फार छान. शेवटी म्हणाला की या खेळानं त्याला एकच गोष्ट शिकवली, प्रामाणिकपणा. मग ग्लेंडानं एनारला बोलावलं. "मिस्टर सिगुर्डसन, या. हे मला शाळेत पुस्तकं द्यायचे," ती लोकांना म्हणाली.

एनारनं तीन पानं लिहून आणली होती. माइकसमोर उभा राहिल्यावर ती हातात इतकी थरथरू लागली की त्यांचा आवाज माइकमधून ऐकू आला. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "कुंचा सांभाळ." त्यानं पानं घडी करून खिशात घातली आणि पडद्याकडे वळला.

"मर्व," तो म्हणाला, "शहाऐंशी साली शेवटच्या दगडाला कुंचा कुणाचा लागला?"

एवढंच. बाकीचं सगळं खिशातच राहिलं.

दिवाणखान्यात कप ठेवायचा आवाजही थांबला. पडद्यावर मर्वचं तोंड अर्धवट उघडलं. डोळे एका जागी रोखले गेले. तो दगडासारखा बसला. पण नाकाखालची नळी त्याच्या श्वासाबरोबर हलत होती, आणि ती हलताना दीडशे माणसांना दिसत होती. एक, दोन, तीन श्वास. मग त्याचा खांदा वाकला, हात टेबलामागे गेला, आणि पडदा काळा झाला.

"लाइन गेली वाटतं," ग्लेंडा म्हणाली. ती तारेकडे बघू लागली, बटणं दाबू लागली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती ऐकत राहिली, आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत गेला. फोन खाली घेऊन ती कुणाकडेच न बघता म्हणाली,

"डोरीन आहे. म्हणते, लाइन गेलेली नाही, तिच्या टीव्हीवर आपण सगळे दिसतोय. ती आतल्या खोलीत जाऊन आली." ती थांबली. "म्हणते, तार मर्वच्या हातात आहे."

एनार माइकपासून बाजूला झाला. त्याला वाटलं होतं की या क्षणी छातीवरून काहीतरी उतरेल. उतरलं नाही, पण भूक लागली. त्यानं कोपऱ्यातल्या टेबलावरून आलुबुखारांच्या थरांचा केक घेतला. एक तुकडा संपवला, दुसरा घेतला. लोक त्याच्याकडे बघत होते आणि नजर मिळाली की काचेतून खाली बर्फाकडे बघत होते. बशी त्याच्या हातात वाजत होती. आज कुणी काही म्हणालं नाही.

तो निघायला कोट चढवत होता तेव्हा ऑर्व्हिल पेनर काठी टेकत समोर आला. त्यानं उजवा हात पुढे केला. या खेळात हस्तांदोलन उघड्या हातानं करतात, तशीच रीत आहे. एनारनं त्या हाताकडे पाहिलं. मग खिशातून लोकरीचे हातमोजे काढले, आधी डावा घातला, सावकाश उजवा घातला, आणि मग पेनरचा हात हातात घेतला. पेनरच्या लक्षात आलं. त्यानं मान हलवली, जणू एवढं चालायचंच.

सोमवारी सकाळी एनारनं पक्ष्यांचं पुस्तक काढलं. मर्वचं पत्र पिवळं पडलं होतं. त्यानं उत्तर लिहायला घेतलं आणि सहा पानं झाली. सामना, पेनरचा खिशात गेलेला हात, कॉफीचं दुकान, सगळं आलं. सहाव्या पानावर त्यानं लिहिलं, "तेव्हाच मी दोन ओळी लिहिल्या असत्या तर तू सांगितलंही असतंस." हे वाक्य त्यानं वाचलं, आणि खरं होतं म्हणूनच खोडलं. मग सहाही पानं शेगडीत टाकली आणि एक कोरा कागद घेतला.

"मर्व, तुझं पत्र पोचलं. हो, सांग. एनार."

टपालकचेरीत मर्वची पत्रं ज्या पेटीत येतात ती एनारच्या पेटीपासून चार हातांवर आहे. काउंटरवरच्या बाईनं पाकीट बघितलं, त्यावरचं नाव वाचलं, आणि आदल्या दिवशी तीही क्लबात होती म्हणून आवाज बारीक करून म्हणाली की तिकीट कशाला लावताय, द्या इकडे, मी सरळ पेटीत सरकवते.

एनार म्हणाला, नको, रीतसर जाऊ दे. तिकीट चिकटवून त्यानं पाकिटाच्या कोपऱ्यावर अंगठा दाबून धरला, पुरता चिकटेपर्यंत. मग ते टपालपेटीच्या फटीत सोडलं.